मित्राच्या गोदीतले जहाज

१९४१ च्या जानेवारीत स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीकाठी बांधलेली एक विनाशिका नौदलात दाखल झाली. बांधणी जॉन ब्राऊन कंपनीची, मालकी ब्रिटिश नौदलाची, खलाशी ऑस्ट्रेलियाचे आणि नाव 'निझाम'. हैदराबादच्या निझामाचे नाव मिरवत ही बोट भूमध्य समुद्रात क्रीट आणि तोब्रुकच्या धामधुमीत फिरत होती, तेव्हा नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा त्याच निझामाच्या अमलाखाली होते. त्या राज्याला समुद्राचा हातभर किनाराही नव्हता.

दोन वर्षांनी, १९४३ मध्ये, इंग्लंडमधल्या थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने बांधलेली 'गोदावरी' नावाची लढाऊ नौका तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीला मिळाली. फाळणीत ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचे नाव 'सिंध' झाले. १९५३ मध्ये दुसरी 'गोदावरी' आली, ती ब्रिटनकडून उसनी घेतलेली. महायुद्धात हीच बोट पोलंडच्या नौदलाने चालवली होती. तिसरी 'गोदावरी' मात्र मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधली गेली, १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात आली आणि बत्तीस वर्षे सेवा करून २३ डिसेंबर २०१५ रोजी निवृत्त झाली. नदी एकच, जहाजे तीन. पहिले दुसऱ्याने बांधून दिलेले, दुसरे दुसऱ्याने वापरून दिलेले, तिसरे आपले आपण बांधलेले. यांपैकी कोणता मार्ग केव्हा धरावा, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

लेखकाने तो मुद्दाम एका कोपऱ्यातून विचारला आहे. विमानवाहू नौका, पाणबुड्या, क्षेपणास्त्रे यांवर मराठीत थोडेफार तरी लिहिले जाते. दिवाळी अंकांत त्यांची रंगीत चित्रे येतात. त्यांच्या मागून तेल, पाणी, दारूगोळा आणि धान्य घेऊन चालणाऱ्या मदतनीस जहाजांवर मात्र कोणी ओळ खर्च करत नाही. मराठवाड्यातल्या वाचकासाठी तरी हे दुर्लक्ष अनाकलनीय आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये आपल्या उदगीरला निझामाला नमवणारी भाऊसाहेबांची फौज मार्चमध्ये परतूरहून उत्तरेकडे निघाली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ती उपाशीपोटी लढायला उभी राहिली. तोफा होत्या, गारदी होते, मर्दानगी तर होतीच. रसद तुटली होती. गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर पुरवठ्याचा उरलासुरला धागाही गेला. हे आपण शाळेत शिकतो आणि नौदलाचा विषय निघाला की विसरतो.

मदतनीस जहाज नेमके काय करते, हे लातूरकराला एका वाक्यात सांगता येईल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातुरात आली आणि पुढे पावसाळ्यापर्यंत येत राहिली. भर समुद्रात ताफ्यासाठी तेच काम हे जहाज करते. फरक इतकाच की इथे रूळ नाहीत, फलाट नाही आणि दोन्ही गाड्या चालत्या असतात.

तो प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. तेलवाहू जहाज एका दिशेने, साधारण बारा ते चौदा नॉट्सच्या वेगाने सरळ चालत राहते. युद्धनौका मागून येऊन त्याच्या कुशीला लागते आणि वेग जुळवते. दोघांमध्ये अंतर चाळीस-पन्नास मीटर. एवढ्या जवळ आले की दोन सांगाड्यांमधले पाणी दाबले जाऊन खवळते आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जाऊ लागतात. सुकाणूवरचा खलाशी अर्ध्या-एक अंशाने दिशा सावरत असतो. त्या वेळी त्याच्याशी कोणी गप्पा मारत नाही. आधी एक बारीक दोरी फेकली जाते, तिच्यामागून जाड दोर, त्यामागून पोलादी तार आणि त्या तारेवरून घरंगळत तेलाची नळी. दोन जहाजांमध्ये ताणलेल्या एका दोरीला ठरावीक अंतरावर रंगीत निशाणे बांधलेली असतात. रात्री त्यांच्या जागी दिवे. अंतर डोळ्यांनी मोजायचे ते त्यावरून. तासन् तास हे चालते, आणि मध्येच शत्रूची चाहूल लागली किंवा यंत्र बिघडले तर काही मिनिटांत सगळे सोडून अलग व्हायचे असते. भारतीय नौदलाचे 'दीपक' हे जहाज तासाला सुमारे १,५०० टन तेल देऊ शकते. बंदराला न लागता महिनोन् महिने दूर राहण्याची नौदलाची ताकद या नळीवर अवलंबून असते.

आता ही जहाजे आली कुठून? पहिले 'दीपक' १९६७ मध्ये आणि पहिले 'शक्ती' १९७६ मध्ये आले. दोन्ही पश्चिम जर्मनीत ब्रेमेनच्या ब्रेमर व्हल्कन गोदीत बांधलेली. पाणबुड्यांना रसद आणि दुरुस्ती पुरवणारे 'अंबा' १९६८ मध्ये सोव्हिएत संघाकडून आले, काळ्या समुद्राजवळच्या निकोलायेव्हमध्ये बांधलेले. 'ज्योती' १९९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या ॲडमिरल्टी गोदीतून आले. सध्याची 'दीपक' आणि 'शक्ती' ही दोन्ही जहाजे इटलीच्या फिंकांतिएरी कंपनीने बांधली आणि २०११ साली ती नौदलात आली. मधल्या काळात कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत एक जहाज आपण स्वतः बांधले, 'आदित्य'. ते १९९३ मध्ये पाण्यात उतरले आणि नौदलात दाखल झाले २००० साली. पाण्यात उतरल्यावर सात वर्षे! इटालियन 'दीपक'ची मागणी एप्रिल २००८ मध्ये नोंदवली आणि जानेवारी २०११ मध्ये ते मुंबईत तयार उभे होते. मागणीपासून सेवेपर्यंत तीन वर्षेसुद्धा लागली नाहीत.

एवढ्यावरून एखादा हिशेबी वाचक म्हणेल, मग घ्या की मित्राकडून, भांडण कशाचे? जगातले अनेक देश हेच म्हणतात. ब्रिटनने २०१२ मध्ये आपल्या मदतनीस ताफ्यासाठी चार 'टाइड' तेलवाहू जहाजांचे काम दक्षिण कोरियाच्या देवू गोदीला दिले, किंमत ४५२ दशलक्ष पौंड. आराखडा ब्रिटिश, सांगाडा कोरियन, लष्करी साहित्य बसवण्याचे काम पुन्हा ब्रिटनमध्ये. ज्या देशाने एकेकाळी जगाला जहाजे पुरवली त्याने असे करावे यावर तिथे भरपूर आरडाओरड झाली, पण जहाजे आली आणि चालली. न्यूझीलंडने आपले 'आओतेआरोआ' उल्सानच्या ह्युंदाई गोदीत बांधून घेतले. ऑस्ट्रेलियाने 'सप्लाय' आणि 'स्टॉलवर्ट' स्पेनमध्ये फेरोलला बांधून घेतली.

अमेरिकेचे उदाहरण याहून गमतीचे आहे. सैन्यासाठीचे जहाज परदेशी गोदीत बांधायचे नाही, असा तिचा कायदा १९६० च्या दशकापासून चालत आला आहे. राष्ट्रहिताचे कारण देऊन फक्त अध्यक्ष त्यातून सूट देऊ शकतात. परिणाम काय झाला? जगातली बहुतेक व्यापारी जहाजे आज चीन, दक्षिण कोरिया आणि जपान या तीन देशांत बांधली जातात आणि अमेरिकेचा त्यातला वाटा नगण्य आहे. कायद्याने गोद्यांना गिऱ्हाईक बांधून दिले. स्पर्धेची सवय मात्र सुटली. आता तिथल्या सिनेटमध्ये मित्रदेशांच्या गोद्यांना दार उघडणारी विधेयके येत आहेत. दुरुस्तीचे दार तर आधीच किलकिले झाले आहे आणि आपल्या दृष्टीने तीच मोठी बातमी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी नौदलाचे 'चार्ल्स ड्रू' हे मालवाहू मदतनीस जहाज चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली येथे लार्सन अँड टुब्रोच्या गोदीत दुरुस्तीला आले. अमेरिकी नौदलाचे जहाज भारतात दुरुस्त होण्याची ती पहिली वेळ. २०२३ मध्ये माझगाव डॉकनेही अमेरिकी नौदलाशी दुरुस्तीचा करार केला. म्हणजे 'मित्राची गोदी' या शब्दांत आता आपणही बसतो. या बदलाकडे लेखकाने पुरेसे लक्ष दिले आहे, पण दुरुस्तीला एकच प्रकरण दिले आहे. माझ्या मते तीन द्यायला हवी होती. बांधणी तीन-चार वर्षांची असते, दुरुस्ती तीस वर्षांची.

आणि खरी अडचण या तीस वर्षांतच आहे. जहाजाचे आयुष्य मैत्रीच्या आयुष्याहून लांब असते. वर दिलेली यादी पुन्हा पाहा. पहिल्या 'दीपक'ची ब्रेमेनची गोदी १९९० च्या दशकात दिवाळखोरीत निघून बंद पडली. पश्चिम जर्मनी हा देशच त्या नावाने उरला नाही. 'अंबा' ज्या सोव्हिएत संघात बांधले तो संपला, आणि निकोलायेव्ह आज युक्रेनमध्ये आहे. याच शहरात आपल्या अनेक युद्धनौकांची गॅस टर्बाइन इंजिने बनली. रशियाच्या कॅलिनिनग्राडमध्ये आपल्यासाठी बांधलेल्या 'तुशील' आणि 'तमाल' या युद्धनौकांना युक्रेनची इंजिने हवी होती, आणि २०१४ नंतर युक्रेन ती रशियाला देईना. शेवटी इंजिने भारताने विकत घेतली आणि रशियाला पोहोचवली. एक मित्र दुसऱ्या मित्राशी भांडतो तेव्हा मध्ये आपले जहाज अडकते ते असे. 'तमाल' १ जुलै २०२५ रोजी नौदलात आले, आणि परदेशात बांधून घेतलेली ही शेवटची युद्धनौका असेल असे तेव्हा सांगितले गेले.

हा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे गलबते बांधायला घेतली, तेव्हा रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराला त्याच्या माणसांसह कामावर ठेवले होते. हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ओळखले, त्यांनी व्हिएगसचे कान फुंकले आणि तो आपली माणसे घेऊन काम टाकून निघून गेला. पोर्तुगीज दप्तरात याची नोंद आहे. महाराजांचे आरमार त्यामुळे थांबले नाही, कारण कोकणातले सुतार आणि कोळी तोवर पुष्कळ काही शिकले होते. माझ्या मते या सगळ्या वादाचा निकाल त्या एका प्रसंगात लागतो. परक्याला कामावर ठेवण्यात काही गैर नव्हते. तो गेल्यावर काम चालू राहील अशी तजवीज असणे महत्त्वाचे होते.

एका जुन्या मदतनीस जहाजाची कथा या पुस्तकात आहे, आणि वाचकाने ती चुकवू नये. १८९१ मध्ये इंग्लंडच्या बॅरो येथे बांधलेले 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे प्रवासी जहाज पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतले आणि हिंदी सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय केले. नाव ठेवले 'लॉयल्टी'. मूळ साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे हे घराणे, समुद्रापासून कोसो दूर राज्य करणारे, आणि त्यांच्या पैशाने परदेशी बांधणीचे लष्करी मदतनीस जहाज! युद्ध संपल्यावर ते वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या भागीदारांनी घेतले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली ती या जहाजावर, आणि नावही शिंद्यांचेच घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

वालचंद सोलापूरचे. लातूरहून काही तासांच्या अंतरावरचे गाव. तिथेही समुद्र नाही. परक्याचे जुने जहाज घेऊन धंदा सुरू केलेल्या या माणसाला लवकरच कळले की जहाजे आपल्याला बांधता आली पाहिजेत. मुंबई-कोलकात्यात ब्रिटिशांनी गोदीला जागा मिळू दिली नाही, म्हणून ते विशाखापट्टणमला गेले. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिथे पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी शहरावर बाँब टाकले आणि काम खोळंबले. तरी १४ मार्च १९४८ रोजी 'जलउषा' हे आठ हजार टनी जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. १९५२ मध्ये सरकारने गोदी हाती घेतली, तिचे नाव हिंदुस्तान शिपयार्ड झाले आणि २०१० मध्ये ती संरक्षण मंत्रालयाकडे आली.

आज भारताच्या मदतनीस जहाजांची मोठी मदार याच गोदीवर आहे. २५ ऑगस्ट २०२३ रोजी संरक्षण मंत्रालयाने तिच्याशी पाच जहाजांचा करार केला, सुमारे १९,००० कोटी रुपयांचा. प्रत्येक जहाज ४४,००० टनांचे. म्हणजे इटालियन 'दीपक'च्या दीडपट. एप्रिल २०२४ मध्ये पहिले पोलाद कापले गेले. इथवर पोहोचायला मात्र अनेक वर्षे गेली आणि ती मित्र शोधण्यात गेली. आधी दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईशी दीर्घकाळ बोलणी झाली, ती फळाला आली नाहीत. मग तुर्कस्तानच्या गोद्यांच्या एका गटाला आराखडा आणि तांत्रिक मदतीसाठी निवडले गेले. हा निर्णय घेताना समोर काय होते? २०१८ मध्येच तुर्की कंपनीच्या आराखड्यावर कराचीत बांधलेले 'मुआविन' हे पाकिस्तानचे तेलवाहू जहाज सेवेत आले होते. जी मंडळी कराचीला मदत करतात त्यांच्याच हाती विशाखापट्टणमचा नकाशा द्यावा का, यावर ओरड होणारच होती आणि ती झाली. स्वस्त बोली बघून मित्र निवडायचा आणि मग त्याच्या दुसऱ्या मैत्रीचे आश्चर्य करायचे, याला काय म्हणावे?

लेखकाचा कौल 'सगळे इथेच बांधा' असा आहे. माझा तसा नाही. 'आदित्य'ची सात वर्षे मला विसरता येत नाहीत. त्या सात वर्षांत ताफा जुन्या जहाजांवर चालला आणि देशी बांधणीचा अभिमान काही त्यांच्या टाक्यांत ओतता आला नाही. मदतनीस जहाज हे बऱ्याच अंशी व्यापारी जहाजासारखेच असते, त्यात गुपिते कमी असतात, म्हणून त्याचा सांगाडा भरवशाच्या मित्राकडून घ्यायला माझी हरकत नाही. पण आराखड्याचे हक्क, सुटे भाग, इंजिन उघडून पुन्हा जोडण्याचे ज्ञान, हे करारात पहिल्या पानावर हवे. किमतीची घासाघीस शेवटच्या पानावर चालेल. आणि दहा वर्षांतून एकदा मागणी आणि मध्ये सामसूम, हा प्रकार बंद व्हायला हवा. गोदीतला कसबी वेल्डर दहा वर्षे पुढच्या जहाजाची वाट बघत बसत नाही. तो आखाती देशात जातो.

यात नांदेड-लातूरचा संबंध काय, हे विचारणाऱ्यांनी वालचंदनगरकडे पाहावे. इंदापूर तालुक्यातले उसाच्या मळ्यांमधले हे गाव, आणि भारतीय युद्धनौकांचे गिअरबॉक्स तिथल्या कारखान्यात बनले. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला २०२५ मध्ये नौदलासाठी सहा मेगावॉटचे डिझेल इंजिन देशात विकसित करण्याचे काम मिळाले, २७० कोटींचे. जहाज समुद्रावर तरंगते, पण त्यातले पंप, झडपा, केबल, नळ्या आणि विजेची यंत्रे कुठेही बनू शकतात. लातूरला हरंगुळजवळ रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. २०१८ मध्ये पायाभरणी, २०२० च्या डिसेंबरात पहिला सांगाडा, आणि २०२३ मध्ये वंदे भारत शयनयान गाड्यांसाठी रेल विकास निगम आणि रशियाच्या ट्रान्समॅशहोल्डिंगच्या संयुक्त कंपनीशी करार. तिथेही आधी भागीदारीच्या हिश्शावरून आणि नंतर डब्यांच्या आराखड्यावरून गाडे अडले. परदेशी मित्राबरोबर काम करणे म्हणजे काय, याचा हा धडा लातूरच्या दाराशीच आहे आणि तो जहाजांना जसाच्या तसा लागू पडतो.

पुस्तकाविषयी दोन गोष्टी सांगून थांबतो. तांत्रिक प्रकरणे जड वाटली तर ती सोडून आधी 'लॉयल्टी' आणि विशाखापट्टणमची प्रकरणे वाचावीत, मग मागे यावे. आणि विष्णुपुरीच्या गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतल्या किंवा लातूरच्या आयटीआयमधल्या मुलामुलींनी दुरुस्तीचे प्रकरण पेन्सिल घेऊन वाचावे. पाच जहाजे बांधायची आहेत, त्यानंतर ती तीस वर्षे चालवायची आहेत, आणि त्यासाठी माणसे लागणार आहेत. नांदेडहून विशाखापट्टणमला थेट गाडी जाते.